वर सरकणारी फळी

डॉक्टरीणबाईंनी माझ्या पाठीचा एक्स-रे दिव्याच्या पाटीवर लावला. मी पाठीला हात लावून स्टुलावर तिरकी बसले होते. छातीचे एक्स-रे मी आधी पाहिले होते, क्षयाच्या वेळी. हाड पांढरं दिसतं आणि बाकीचं काळं, एवढं मला कळत होतं. या फोटोत पांढरं हाड नव्हतंच. जिथे कणा असायला हवा तिथे धूर उभा होता. धुराच्या आत मणक्यांच्या नुसत्या कडा होत्या, कोणी बारीक पेन्सिलीने काढाव्यात तशा.

"तीन मणके बसलेत," त्या म्हणाल्या. "हा खालचा आजचाच असेल. वरचे दोन जुने आहेत. तुम्हाला कळलं नाही?"

मी मान हलवली.

मग त्यांनी दोन नावं सांगितली. एक स्पायनल टीबी, म्हणजे छातीतला क्षय कण्यात उतरलेला. दुसरं ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाड आतून विरळ होत जाणं. बाहेरून हाड तेवढंच दिसतं, आत चाळणी झालेली असते. या दोघांतलं कोणतं हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. माझ्याबरोबर आलेली माझी धाकटी जाऊ शकू दाराशी उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

"अम्मा," डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुमची उंची आधी किती होती?"

खोली गरम होती, तरी त्या प्रश्नाने माझ्या अंगावर काटा आला. का आला, ते सांगायचं तर पहिल्यापासून सांगायला हवं. हे मी माझ्यासाठीच लिहिते आहे. पण कधी कोणा क्षयाच्या बाईच्या हाती लागलं, तर तिच्या उपयोगी पडावं.

आमचं गाव विट्याच्या बाजूला. आमच्यातली पुष्कळ माणसं गलाईच्या कामासाठी लांब लांब पांगली आहेत. गलाई म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम. माझे सासरे बेंगळुरात आले आणि नगर्तपेटेच्या एका बोळात राहिले. खाली भट्टी, वर आम्ही. मी चौथी शिकलेली, सतराव्या वर्षी या घरात आले. आता त्रेपन्नावं चालू आहे.

सोनारांच्या दुकानातली केरधूळ आमच्याकडे पोत्यांनी येते. तिच्यात सोन्याचे बारीक कण असतात. ती चाळायची, धुवायची, आटवायची. म्हणून आमच्या घराला वारा चालत नाही. वरची मागची खोली पूर्वी धूळ चाळायची होती. तिची खिडकी सासऱ्यांनी खिळे ठोकून बंद केली, ती पुढे कोणी उघडली नाही. पंखाही नाही. दुपारी बाराला दिवा लावावा लागतो.

गेल्या वर्षी गणपतीनंतर मला खोकला लागला. संध्याकाळचा बारीक ताप यायचा. वजन इतकं उतरलं की बांगड्या कोपरापर्यंत जायच्या. सरकारी केंद्रात थुंकी तपासली आणि टीबी निघाला. तिथल्या गौरम्माक्कांनी माझं कार्ड भरलं, वजन केलं, उंची मोजली. सहा महिने गोळ्या चुकवायच्या नाहीत असं बजावलं. खिडक्या उघड्या ठेवा, दूध-अंडी खा, काही आठवडे तोंडाला मास्क बांधा. मी सगळ्याला मान डोलावली. मला लोकांसमोर बोलता येत नाही. मान डोलावली की माणसं लवकर सोडतात.

घरी येऊन मी माझी गादी मागच्या खोलीत नेली. मला कोणी घालवलं नाही, हे इथे नीट लिहायला हवं. मीच गेले. बोळ एवढा अरुंद की एका घरातली उचकी दुसऱ्या घरात कळते. माझा खोकला कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून बंद खिडकी मला बरी वाटली. दूध मी पहिल्याच दिवशी सोडलं. दूध-दह्याने कफ होतो, हे आमच्याकडे लहान पोरही सांगेल. शकूने दोन-तीन वेळा पेला भरून दाराशी ठेवला. मी तसाच परत पाठवला. मग तिने आणायचं बंद केलं.

दोन महिन्यांनी थुंकी साफ आली. "आता तुमच्यापासून कोणाला काही होत नाही. सगळ्यांत बसून जेवा," गौरम्माक्का म्हणाल्या. पण मी खोलीतून निघाले नाही. मला वाटलं, कोणीतरी बोलवेल. घरच्यांना वाटलं, हिला बरं वाटलं की येईल बाहेर. आम्ही दोन्हीकडची माणसं एकमेकांची वाट बघत राहिलो.

माझं ताट आणि तांब्या स्वयंपाकघरातल्या फळीवर असायचे. आजारपणात माझ्यासाठी जर्मनची वेगळी थाळी काढली होती, ती मोरीजवळ असे. एका दुपारी घरात कोणी नव्हतं. मनात आलं, आपलं ताट आपणच काढावं आणि रात्री सगळ्यांत जाऊन बसावं. मी फळीखाली गेले, हात वर केला. ताटाच्या काठाला बोटं लागली नाहीत.

छत्तीस वर्षं मी त्या फळीवरून भांडी काढली आहेत, न बघता. हात आपोआप जायचा. आज तो हवेत राहिला. मी टाचा उचलल्या, तेव्हा कुठे नखं टेकली.

मी खोलीत परत आले. फळी कोणीतरी वर ठोकली होती. मी भांड्यांना हात लावू नये म्हणून. असं करणार कोण, तर स्वयंपाकघर जिच्या हातात तीच. मी शकूशी बोलायचं सोडलं. तसंही फार बोलत नव्हते, त्यामुळे तिला ते कळलंही नसावं.

त्यानंतर घरातल्या वस्तू एकेक करून लांब जाऊ लागल्या.

मोरीच्या दाराची कडी वर गेली. खुंटीवरचा टॉवेल काढताना काखेत ओढ बसू लागली. आरशात पूर्वी गळ्यापर्यंत दिसायचं, आता हनुवटी कापली जायची. मी मागे सरकून बघितलं, पुढे होऊन बघितलं. आरसा त्याच खिळ्याला होता. लुगडं मी नेहमीसारखंच नेसायचे, तेवढ्याच निऱ्या, तेवढाच खोचा. तरी काठ जमिनीवर घासायचा. चालताना मागे सळसळ व्हायची. मी थांबले की थांबायची. दोन-तीनदा मी वळून बघितलं, कोण आलं म्हणून. दिव्याखाली माझीच सावली, आणि तीसुद्धा बुटकी.

पाठ दुखायची. पण खोकून खोकून पाठ भरणारच. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

एका सोमवारी ह्यांच्या कानावरची पेन्सिल खाली पडली होती. ती मी ठेवून घेतली. सगळे खाली भट्टीवर असताना पाटावर चढले आणि फळीच्या बुडाशी भिंतीवर बारीक रेघ ओढली. म्हटलं, आता बघू कोण सरकवतं. फळी वर गेली की रेघ खाली राहील, चोरी उघडी पडेल.

पुढच्या सोमवारी जाऊन बघितलं. रेघ फळीच्या बुडाला चिकटून होती, केसाएवढाही फरक नाही. मी पाटावरून उतरले आणि जमिनीवरून हात वर केला. आता टाचा उचलूनही नखं टेकत नव्हती.

मी कितीतरी वेळ तशीच उभी होते, एक हात वर. फळी हलली नव्हती. मग भिंतच वर गेली होती, माझी रेघ बरोबर घेऊन.

तेव्हा मला थोरल्या काकी आठवल्या.

काकी म्हणजे ह्यांच्या चुलती. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या मागच्या त्याच खोलीत होत्या. त्यांना क्षय होता, असं कोणी उघड म्हणत नव्हतं. 'जुना खोकला' म्हणायचे. घरात सगळ्यांत उंच बाई होती ती, सासूबाई सांगायच्या, चौकटीखालून वाकून जायची. मी पाहिल्या तेव्हा त्या माझ्या खांद्याला लागत होत्या. मी दाराशी चहा ठेवायला गेले की आतून म्हणायच्या, "सूनबाई, कोनाडा वर गेला गं. काल हाताला लागत होता. हे घर वाढतंय, तुमच्या ध्यानात येत न्हाई."

आम्ही पोरीसोरी स्वयंपाकघरात तोंड दाबून हसायचो. त्या गेल्या तेव्हा त्यांना दोघांनीच उचललं, तिसऱ्याचा हात लागला नाही. चादरीखाली दहा वर्षांची पोर असावी एवढाच उंचवटा होता. हसणाऱ्यांत मी होते. आणि आता त्याच खोलीत माझी गादी होती.

मला वाटू लागलं, ही खोली बायकांना लहान करते. आधी उंची घेते, मग एक दिवस दोघांना बोलावून उचलून देते. मला उभ्याने, माझ्या पायांनी त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. एवढीच एक गोष्ट हवी होती. पण ते कोणाला कसं सांगायचं? भिंत वर जाते म्हणून कोणाला सांगितलं असतं, तर डोक्यावर परिणाम झाला म्हणाले असते.

बुधवारी सकाळी मी ठरवलं की आज ताट काढायचंच. पाट ठेवला, चढले, ताट हातात घेतलं. उतरताना पाऊल जरा आपटलं. जिन्याची शेवटची पायरी चुकली की बसतो तेवढाच दणका. पाठीत आवाज झाला, वाळलेला पापड मोडावा तसा. मला वाटलं भांडं पडलं. पण ताट हातातच होतं.

मग श्वास बंद झाला. मी भिंतीला धरून खाली बसले. शकू धावत आली.

"अक्का! काय झालं? पडलात?"

मी बोलले ते असं. "फळी वर का सरकवलीस?"

"काय?"

"माझा हात लागू नये म्हणून वर ठोकलीस. रोज थोडी थोडी."

शकू माझ्याकडे बघत राहिली, मग फळीकडे. "फळीला काय पाय फुटल्यात व्हय? तुमचं लग्न व्हायच्या आधीपासनं हाय ती तितं!" मग माझा चेहरा बघून तिचा आवाज उतरला. तिने खाली हाक मारली. हे आले. दोघांनी मला धरून रिक्षात बसवलं. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मला माझ्या पाठीतलं एकेक हाड वेगळं मोजता येत होतं.

म्हणून डॉक्टरीणबाईंनी उंची विचारली तेव्हा मला काटा आला. त्यांनी नर्सला सांगितलं. तिने मला भिंतीवरच्या पट्टीशी उभं केलं. "अम्मा, स्वल्प सरळ." मी होते तेवढी सरळ झाले. डोक्यावर लाकडी पट्टी टेकली.

"एकशे सेहेचाळीस."

टीबीच्या कार्डावर गौरम्माक्कांच्या अक्षरात एकशे पन्नास होतं.

"पट्टी चुकली असेल," मी म्हटलं. डॉक्टरांपुढे आपणहून बोललेलं माझं ते पहिलं वाक्य.

"पट्टी भिंतीला पक्की आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही कमी झालात. मणका बसला की उंची जाते. पाठ वाकली की हात आणखी आखूड पडतो."

शकू दारातून हळूच म्हणाली, "अक्का, फळी."

मी तिच्याकडे बघू शकले नाही.

एमआरआय दुसऱ्या दिवशी होतं. हे चुंबकाच्या मशीनने काढलेलं शरीराच्या आतलं चित्र असतं. दुखत नाही. पण एका बोगद्यात पाठीवर निजावं लागतं, हलायचं नाही. सोबत कोणी नसतं. आत ठोकल्याचे आवाज होतात, कधी जवळून, कधी लांबून. मला वाटलं कोणीतरी माझी खिडकी पुन्हा ठोकून बंद करतं आहे. मी डोळे मिटले. मिटल्यावर काकी दिसल्या, चादरीखाली. मग मी डोळे उघडेच ठेवले.

तुमच्यावर ही वेळ आली तर आधी विचारून घ्या, किती वेळ लागेल. वेळ माहीत असला की आकडे मोजत पडून राहता येतं. मी लाजून विचारलं नाही, त्यामुळे तो बोगदा मला संपणारा वाटला नाही.

रिपोर्ट दोन दिवसांनी मिळणार होता. ते दोन दिवस मी वॉर्डात सरळ पडून होते. शेजारच्या खाटेवरची म्हातारी दिवसभर कन्नडमध्ये कोणाशी तरी बोलायची. तिच्यापलीकडे भिंत होती. हे आले की पायाशी उभे राहायचे. ह्यांना काय बोलावं ते सुचत नाही, आम्ही त्यात सारखे आहोत. एकदा म्हणाले, "कण्यात उतरला आसंल तर?" आणि उत्तर ऐकायच्या आत चहा आणायला गेले. माझ्या मनात एकच होतं. तसं असेल तर मी आडवीच घरी जाणार, आणि त्याच खोलीत.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई खाटेशी आल्या. त्यांनी हिंदी आणि कन्नड मिसळून सांगितलं, मला समजलं ते लिहिते.

"क्षय कण्यात नाही. तो कण्यात गेला की बहुतेक वेळा दोन मणक्यांमधली चकती खातो, बाजूला पू करतो. तुमच्या चकत्या शाबूत आहेत, पू नाही. हाडं ठिसूळ झाली म्हणून दबली."

त्याच दिवशी डेक्सा स्कॅन झालं. यात हाड किती भरीव आहे ते मोजतात. पाच-दहा मिनिटं पलंगावर पडायचं, वरून मशीनचा हात फिरतो. आवाजही नाही. माझा टी-स्कोअर उणे तीन पूर्णांक सहा आला. हा आकडा तुमचं हाड तरुण निरोगी बाईच्या हाडाच्या मानाने किती खाली आहे ते सांगतो. उणे अडीच किंवा त्याखाली गेला की त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. रक्तातलं ड जीवनसत्त्वही तळाला गेलं होतं.

"कशाने झालं?" ह्यांनी विचारलं.

"एकाच कशाने नाही. पाळी लवकर गेली होती?"

"त्रेचाळिसाव्या वर्षी," मी म्हटलं, ह्यांच्याकडे न बघता.

"तेव्हापासून हाड झिजत असणार. त्यात टीबी. टीबी नुसती छाती खात नाही, अंग खातो, हाडाचा कसही नेतो. टीबीच्या काही गोळ्यांनी ड जीवनसत्त्व लवकर संपतं. त्यातून पडून राहणं. दूध घेत होतात?"

"कफ होतो म्हणून..."

"ऊन?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग गोळ्या बंद करू का?" मी विचारलं. मला वाटलं, गोळ्या हाड खात असतील तर त्या सोडलेल्या बऱ्या.

त्या इतक्या जोरात "नाही" म्हणाल्या की शेजारची म्हातारी बोलायची थांबली. "गोळ्या सोडल्या तर टीबी परत येईल, आणि परत आलेला टीबी औषधाला दाद देईलच असं नाही. गोळ्या पूर्ण करायच्या. हाडासाठी वेगळं औषध देते. दोन्ही चालतं."

हे वाक्य मी दोनदा लिहून ठेवते. गोळ्या पूर्ण करायच्या. गोळ्या पूर्ण करायच्या.

त्या निघाल्या तेव्हा मी हाक मारली. का मारली माहीत नाही. "आमच्या घरात एक बाई अशीच लहान होत गेली. त्याच खोलीत. तिलाही खोकला होता. खोलीत काही असेल का?"

हे माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"त्या खोलीत ऊन येतं?"

"नाही. खिडकीला खिळे आहेत."

"मग खोलीने केलं म्हणा हवं तर," त्या म्हणाल्या. "खिळे काढा."

घरी आले ती पाठीला पट्टा बांधून, पण माझ्या पायांनी. जिना चढताना शकू मागे होती, मी पडले तर तिच्यावर पडावं म्हणून. वर आल्यावर तिने मला खुर्चीत बसवलं आणि मग बोलली. चार दिवस तिने ते धरून ठेवलं होतं.

"अक्का, तुम्ही मला एवढी हलकी समजलात? मी तुमचं ताट लपवीन?"

"चुकले गं."

"रोज पुसून ठेवत हुते मी ते. म्हटलं, आज येतील, उद्या येतील. काल बघितली मी ती फळीखालची रेघ. हिकडं तुम्ही माझ्यावर पाळत ठेवून पेन्सिलीनं रेघा मारताय! पोलिसात भरती व्हा की त्यापेक्षा."

मी हसले, आणि पाठीत कळ आली. "हसवू नको, मणका बसेल."

"बसू दे, आता मी मोजणार हाय रोज," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मीही रडले. रडायला मात्र पाठ दुखत नाही.

तेवढ्यात ह्यांनी खालून पकड आणली आणि मागच्या खोलीत गेले. खिळे जुने, गंजलेले. एकेक खिळा किंचाळत बाहेर आला. शेवटचा निघाल्यावर फळकुट उचललं, आणि दुपारचं ऊन तिरकं आत पडलं.

ती खोली मी छत्तीस वर्षांत उजेडात पाहिली नव्हती. उन्हाच्या पट्ट्यात हवाभर कण चमकत होते. भिंतींच्या फटींतली, तुळयांवरची इतक्या वर्षांची धूळ वाऱ्याने उठली होती आणि तिच्यात सोनं होतं. ते खाली बसत नव्हतं, नुसतं तरंगत होतं. मला वाटलं, आता हे झटकन खिडकी लावतील. गलाईच्या माणसाचा हात अशा वेळी आपोआप दाराकडे जातो. ह्यांचा गेलासुद्धा. मग थांबला.

"उडू दे," हे म्हणाले. आणि नाकाला रुमाल लावून बाहेर आले.

त्यानंतरचं फार सांगण्यासारखं नाही. टीबीच्या गोळ्या सकाळी उपाशीपोटी, कॅल्शियम रात्री जेवणाबरोबर. ड जीवनसत्त्वाची पुडी आठवड्यातून एकदा, दुधातून. हाडाचं औषध नसेतून, तेही रक्तातलं ड जीवनसत्त्व भरून आल्यावर. वाकून काही उचलायचं नाही, गुडघ्यांत बसून उचलायचं. केर उभ्याने काढायचा. पट्टा किती दिवस बांधायचा ते डॉक्टरच सांगतील, आपल्या मनाने बांधून बसू नका, त्याने पाठीचे स्नायू आळसावतात. रोज सकाळी शकू मला गच्चीवर नेते. पहिले पंधरा दिवस मी पदर डोक्यावरून ओढून बसायचे, बोळातले बघतील म्हणून. "ऊन काय लुगड्याला द्यायचं हाय?" असं शकूने ओरडून विचारलं, ते चार गच्च्यांनी ऐकलं. त्यानंतर पदर खाली आला.

उन्हात बसले की काकींचा विचार येतो. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना दिसत होतं तेच त्या सांगत होत्या. कोणी एकाने पट्टी आणून मोजलं असतं तर कळलं असतं की घर वाढत नाही, बाई कमी होते आहे. आम्ही हसलो. त्यांना नक्की काय झालं होतं, ते आता कोणीच सांगू शकणार नाही.

सहा महिने भरले तेव्हा गौरम्माक्कांनी माझ्या कार्डावर पूर्ण झाल्याचा शिक्का मारला. मी त्यांना म्हटलं, माझी उंची मोजा. त्या म्हणाल्या, शेवटी वजन करतो, उंची कशाला? मी म्हटलं, मोजा. पट्टीशी उभी राहिले. मी डोळे मिटून घेतले.

"एकशे सेहेचाळीस," त्या म्हणाल्या. "सरी." म्हणजे ठीक.

तेवढीच. गेलेलं परत येत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. पण जाणं थांबलं होतं. मी तिथेच पट्टीला टेकून उभी राहिले, मागचीला जागा द्यायची विसरून.

बाहेर बाकावर एक मुलगी बसली होती, पंचविशीची, तोंडाला मास्क, हाताची हाडं दिसत होती. नवीन कार्ड हातात होतं. शेजारी तिची सासू. गौरम्माक्का तिला तेच सांगत होत्या, खिडक्या, दूध, अंडी. मुलगी मान डोलावत होती. ती मान मी ओळखली. आत काही जात नसलं की अशी डोलते.

गौरम्माक्का आत गेल्या. सासू कन्नडमध्ये म्हणाली, "दूध कसलं, कफ होईल."

मी जिन्यापर्यंत गेले होते. परत आले. मोडक्या कन्नडमध्ये म्हटलं, "अम्मा, कफ झाला तर खोकून जाईल. हाड गेलं तर परत येत नाही."

सासूने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही कोण? डॉक्टर?"

जन्मात पहिल्यांदा कोणा अनोळखी माणसाने मला असं तोडून विचारलं आणि मी पळाले नाही. मी त्या मुलीकडे पाठ केली, तिचा हात मागून धरला आणि माझ्या कण्यावर ठेवला, जिथे तीन मणके बसले आहेत आणि कातडीखाली उंचवटा आला आहे तिथे.

तिची बोटं गार होती. ती खालून वर गेली, उंचवट्याशी थांबली, पुन्हा खाली आली.

"दुखतं?" तिने विचारलं.

"आता कमी," मी म्हटलं. "आज घरी गेलीस की खिडकी उघड."

तिने हात लगेच काढला नाही. मीही हलले नाही.